मूव्ह नसलेली फाइल : सत्र ३ परत मिळवण्याच्या नोंदी

४ ऑगस्ट, सोमवार

काल रात्री ताईचा फोन. सांख्यिकीच्या ऑनलाइन वर्गाचं तिसरं सत्र चालू होतं, स्क्रीन रेकॉर्डिंगही चालू होतं आणि लाइट गेली. परत आल्यावर बघते तर फाइल जागेवर आहे, पण एकाही प्लेअरमध्ये उघडत नाही. "आकार तर दिसतोय ना रे? म्हणजे आत काहीतरी असणारच."

असणार. पण त्याआधी तिनं काय काय करून पाहिलं ते विचारून घेतलं. विंडोजनं ड्राइव्ह तपासायची का असं विचारलं होतं, तिनं 'नाही' म्हटलं. नशीब. चेकडिस्कचं काम फाइलसिस्टीम सुसंगत करणं हे आहे, त्यातला मजकूर वाचवणं नाही. अर्धवट फाइल तिला विसंगत वाटली तर ती कापून मोकळी होते. ताईला म्हटलं, त्या डिस्कवर आता काहीही लिहू नकोस, नवीन रेकॉर्डिंग तर नाहीच.

आज सकाळी डिस्क काढून आणली. जुनी, फिरती हार्ड डिस्क आहे. डीडीरेस्क्यू या अवजारानं पूर्ण इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, घेतली, खराब सेक्टर एकही निघाला नाही. यापुढचं सगळं काम त्या इमेजच्या प्रतीवर. मूळ डिस्क कपाटात.

हाताशी आलेला माल :

सत्र ३, एमपी४, १.८७ जीबी, ओबीएस या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममधून. १०८०पी, सेकंदाला ३० फ्रेम. एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या अवजाराला दाखवली तर 'मूव्ह अ‍ॅटम सापडला नाही' म्हणून हात वर.

आणि एक एमकेव्ही. ताईच्या सहायक मुलीनं शेजारच्या मशीनवर शेवटची बावीस मिनिटं स्वतःपुरती रेकॉर्ड केली होती, ७२०पीमध्ये. तेही मशीन त्याच क्षणी बंद पडलं. ही फाइल मात्र डबल क्लिक केल्याबरोबर चालू झाली. फक्त एकूण वेळ दिसत नव्हता आणि पट्टी पुढे ओढली की अडखळत होती. एमकेव्हीमर्ज या अवजारातून एकदा काढली, दोन्ही तक्रारी गेल्या. पाच मिनिटांचं काम.

तीच लाइट, तोच क्षण, आणि दोन फाइलींची दोन वेगळी नशिबं. मात्रोस्का, म्हणजे एमकेव्हीचा फॉर्मॅट, छोट्या छोट्या क्लस्टरमध्ये लिहितो आणि प्रत्येक क्लस्टर स्वतःचा वेळ, स्वतःचे तुकडे घेऊन असतो. मधेच मान मोडली तरी मागचं सगळं वाचता येतं. एमपी४मध्ये हिशेबाची वही, म्हणजे हा मूव्ह, वेगळी असते आणि ती सगळ्यात शेवटी लिहिली जाते.

५ ऑगस्ट, मंगळवार

फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडली. सुरुवातीला एफटाइप (फाइलीचा प्रकार), मग आठ बाइटचा रिकामा 'फ्री' बॉक्स, मग एमडॅट, म्हणजे खरं चित्र आणि आवाज. एमडॅटच्या लांबीच्या जागी ०० ०० ०० ००. रेकॉर्डिंग नीट थांबलं असतं तर इथे खरी लांबी भरली गेली असती. फाइल चार जीबीच्या वर गेली असती तर आधीच्या 'फ्री'ची जागा चौसष्ट बिटच्या लांबीसाठी वापरली गेली असती, म्हणून तर तो आधीच मोकळा सोडलेला असतो. सोय सगळी करून ठेवलेली, फक्त शेवटची सही राहिली.

मूव्ह म्हणजे काय हे ताईला फोनवर सांगताना मला बरं उदाहरण सापडलं. गोदामात लाखो पाकिटं एकामागोमाग एक, मधे जागा न सोडता रचलीत. काही चित्राची, काही आवाजाची. पाकिटांवर नाव नाही. कुठलं कुठे सुरू होतं, केवढं आहे, केव्हा उघडायचं, हे सगळं एका वहीत. ती वही लिहायच्या आधीच दिवा गेला. पाकिटं तिथेच आहेत.

"म्हणजे मिळेल," ताई.

चित्र मिळेल, म्हटलं. आवाजाचं बघतो.

एक चांगली गोष्ट पहिल्या काहीशे बाइटमध्येच मिळाली. चित्र एच.२६४ पद्धतीनं दाबून साठवणारा एक्स२६४ एन्कोडर पहिल्या फ्रेमबरोबर आपली सगळी सेटिंग साध्या मजकुरात लिहून ठेवतो. कुठली आवृत्ती, कीइंट २५०, बीफ्रेम्स ३, सीआरएफ किती, सगळं वाचता येतं. म्हणजे ताईला काय आठवतंय यावर अवलंबून राहायला नको, निदान चित्रापुरतं तरी. (हे 'निदान' मला उद्या महागात पडणार होतं.)

मग फाइलीचं शेपूट पाहिलं. शेवटचे साधारण ३.४ एमबी सरसकट शून्यं. हेही अपेक्षितच. एनटीएफएसचं (विंडोजच्या फाइलसिस्टीमचं) जर्नल फाइलसिस्टीमचा हिशेब सांभाळतं, फाइलीतला मजकूर नाही. फाइल 'एवढी लांब' अशी नोंद डिस्कवर पोचली, पण शेवटचा मजकूर अजून मेमरीतच होता. मजकूर जिथवर खरोखर लिहून झालाय त्याची खूण एनटीएफएस वेगळी ठेवतं आणि त्यापुढचं वाचायला गेलं की शून्यं देतं. एक वेडी आशा म्हणून इमेजमधून डिस्कवरची तीच जागा थेट वाचली. कधी काळी पुसलेल्या कुठल्याशा फाइलीचे अवशेष निघाले. आपलं काही नाही. तेवढं गेलं.

सरासरी धरली तर ३.४ एमबी म्हणजे बारा सेकंद. पण स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये सरासरीला फार अर्थ नसतो. स्लाइड हलत नसेल तर फ्रेम काहीशे बाइटचीही असते आणि खिडकी बदलली की एकदम दोन-तीनशे केबी. आकारावरून वेळ काढायचा मोह टाळलेला बरा.

६ ऑगस्ट, बुधवार

अनट्रंक हे तुटलेली एमपी४ दुरुस्त करणारं अवजार चालवलं. याला बिघडलेल्या फाइलीबरोबर त्याच यंत्रावर, त्याच सेटिंगनं केलेली एक चांगली फाइल द्यावी लागते. चांगल्या फाइलीतून ते एन्कोडरची माहिती आणि पाकिटांचा साधारण तोंडवळा शिकतं आणि बिघडलेल्या फाइलीत एकेक पाकीट ओळखत नवी वही लिहितं. एच.२६४चे दोन मथळे, एसपीएस आणि पीपीएस, ओबीएसच्या एमपी४मध्ये फक्त मूव्हमध्येच असतात. तेही या संदर्भ फाइलीतून उसने घ्यावे लागतात. त्यांच्याशिवाय डिकोडरला रुंदी-उंचीसुद्धा कळत नाही.

ताईकडे संदर्भ फाइल मागितली, तिनं जूनमधलं एक रेकॉर्डिंग पाठवलं. चित्राची सेटिंग तंतोतंत जुळत होती, मी निर्धास्त.

निकाल : चित्र लख्ख. पहिल्या स्लाइडपासून शेवटपर्यंत. आवाज ऐकून मात्र हसू आवरेना. ताई बोलतेय, पण प्रत्येक शब्द बारीक चिरून त्यात तेवढीच शांतता भरल्यासारखा. 'प्रमाण विचलन'चं 'प्र-र-मा-ण-वि-वि-च'. आणि ऑडिओची लांबी व्हिडिओच्या बरोबर दुप्पट.

रात्री उशिरापर्यंत सॅम्पल रेट बदलून पाहिले. ४४.१, ४८, ९६. काही नाही. झोपलो.

७ ऑगस्ट, गुरुवार

दात घासताना सुचलं. लांबी दुप्पट म्हणजे दर नव्हे, संख्या दुप्पट.

ताईला फोन. "ताई, ओबीएसमध्ये ऑडिओचे ट्रॅक किती आहेत गं?"

"एकच... अरे थांब. मागच्या महिन्यात माइक वेगळ्या ट्रॅकवर घेतला होता. मशीनचा आवाज दुसऱ्यावर. तूच सांगितलंस ना, एडिट करायला सोपं जातं म्हणून!"

मीच सांगितलं होतं.

म्हणजे संदर्भ फाइलीत एक ऑडिओ ट्रॅक, बिघडलेल्या फाइलीत दोन. अवजाराचा दोष शून्य. त्याला एकच ट्रॅक माहीत, म्हणून त्यानं दोन्ही ट्रॅकच्या फ्रेमा एकाच रांगेत लावल्या. एक फ्रेम ताईच्या माइकची, २१ मिलिसेकंदांची, पुढची मशीनच्या आवाजाची, म्हणजे बहुतेक वेळ नुसती शांतता. एएसी या आवाज साठवायच्या पद्धतीत एक फ्रेम १०२४ नमुन्यांची, आणि ४८,००० हर्ट्झला भागलं की २१.३३ मिलिसेकंद. काल ऐकलेली 'चिरलेली' भाषा ती हीच.

ताईकडून नवीन संदर्भ मागवला. दोन मिनिटं, काहीही बदलायचं नाही, काहीही नीट करायचं नाही, आहे तसंच रेकॉर्ड करायचं. दोन ट्रॅकवाली फाइल आली. अनट्रंक परत चालवण्याऐवजी ठरवलं की आता पायथनमध्ये आपलीच स्क्रिप्ट लिहू. दोन्ही ट्रॅक एकाच जातीचे असताना कुठली फ्रेम कुणाची हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आजचा दिवस बाइट मोजण्यात गेला, आणि खरं सांगायचं तर मजेत गेला.

चित्र सोपं. एमपी४मध्ये एच.२६४च्या प्रत्येक तुकड्याच्या आधी चार बाइट त्याची लांबी असते. लांबी वाचा, तेवढं पुढे जा, परत लांबी वाचा. लांबीनंतरचा पहिला बाइट जात सांगतो (आकडे हेक्समधले). ६५ दिसलं की पूर्ण कीफ्रेम, ४१ किंवा ०१ दिसलं की आधीच्या फ्रेमांवर टेकलेली फ्रेम, ०६ म्हणजे जादा माहिती. आपल्या फ्रेमा काही सोळा एमबीच्या नसतात, त्यामुळे लांबीचा पहिला बाइट नेहमी ००.

आवाज अवघड. एमपी४मधल्या एएसी फ्रेमेला स्वतःची लांबीच नसते. रेडिओसारख्या प्रवाहात प्रत्येक फ्रेमेपुढे सात बाइटचा एडीटीएस मथळा असतो, त्यात लांबी असते. एमपी४मध्ये तो काढून टाकतात, कारण लांब्या वहीत असतात. आणि वही गेली. फ्रेमेच्या शेवटी 'संपलं' म्हणून तीन बिटांची खूण असते, १११. पण ती शोधता येत नाही. सगळी फ्रेम उलगडत तिथवर पोचलात तरच तीन एक म्हणजे शेवट, नाहीतर तीन एक कुठेही सापडतात. म्हणून स्क्रिप्टला एएसी डिकोडर जोडला. फ्रेम उलगडायची आणि किती बाइट खर्च झाले ते मोजायचं. तोच शेवट.

सुरुवात ओळखायला मात्र एक छान धागा मिळाला. स्टिरिओ फ्रेमेचे पहिले तीन बिट ००१, मग चार बिट क्रमांकाचे, तो ००००, आणि आठवा बिट १. जोडले की हेक्समध्ये बाइट होतो २१. संदर्भ फाइलीत पाहिलं, जवळजवळ प्रत्येक फ्रेम २१नं सुरू. म्हणजे पाकिटाच्या तोंडाशी ०० असेल तर चित्र, २१ असेल तर आवाज. एवढ्यावर अख्खं गोदाम मोजता यावं.

आणि दोन ट्रॅक? एडिटरमध्ये सलग वाचत गेलं की नक्षी दिसते. चित्राची फ्रेम, मग एक भरलेली ऑडिओ फ्रेम चारेकशे बाइटची, तिच्या लगेच मागे एक चिमुकली, मोजक्या बाइटची. परत चित्र. मग कधी एक जोडी, कधी दोन जोड्या. मोठी ताईची, चिमुकली मशीनच्या शांततेची. एकाच वेळेच्या दोन फ्रेमा हातात हात घालून आलेल्या. आळीपाळीनं दोन रांगांत टाकल्या की झालं.

रात्री अकराला स्क्रिप्ट पहिल्यांदा न अडखळता शेवटपर्यंत गेली, थेट शून्यांच्या भिंतीपर्यंत.

९ ऑगस्ट, शनिवार

मोजणी.

चित्राच्या फ्रेमा १,९३,५६०. तीसनं भागलं की ६,४५२ सेकंद, म्हणजे १ तास ४७ मिनिटं ३२ सेकंद.

ताळा करायला एक गणित आहे. सेकंदाला ३० फ्रेमा आणि ४८,००० हर्ट्झ असेल तर चित्राच्या दर १६ फ्रेमांमागे ऑडिओच्या बरोबर २५ फ्रेमा बसतात. त्या हिशेबानं माइकच्या ३,०२,४३७ फ्रेमा हव्यात. निघाल्या ३,०१,८६८. कमी ५६९. म्हणजे बारा सेकंद आवाज मधेच कुठेतरी सांडलाय.

चालवून पाहिलं तर सुरुवातीला ओठ नाहीतच म्हणा, पण माउसची टिकटिक आणि बटण दबणं बरोबर जुळतंय. तासाभरानं टिकटिक आधी, बटण मागाहून. एकदम ढळलेलं, हळूहळू नाही. म्हणजे दर चुकलेला नाही, एका ठिकाणी भोक पडलंय.

दर १६ फ्रेमांना २५ होतात का ते स्क्रिप्टलाच तपासायला लावलं. पहिली ४१ मिनिटं चोख. मग साधारण अडीच मिनिटं गळतीच गळती. मग परत चोख. त्या अडीच मिनिटांत ताईनं वर्गाला एक अ‍ॅनिमेशनची क्लिप दाखवली होती, संगीतासकट.

तिथले बाइट पाहिले. माइकची फ्रेम २१. तिच्या मागची मशीनच्या आवाजाची, आता चिमुकली नाही, चांगली भरलेली, आणि तिची सुरुवात २०. आठवा बिट शून्य. हा बिट म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूची विभागणी सारखी आहे का याची खूण. ताईचा माइक एकच, दोन्ही कानांना तेच, म्हणून तिथे कायम १. खऱ्या स्टिरिओ संगीतात एका कानात अचानक ठोका आला की दोन्ही बाजू वेगळ्या होतात आणि बिट पडतो. माझी स्क्रिप्ट २० बघून म्हणायची, हे काय अनोळखी, चला पुढची चित्राची फ्रेम शोधू. त्या उडीत मधली माइकची फ्रेमही जायची.

दुरुस्ती : २१च्या जोडीला २० मान्य. एक ओळ.

पुन्हा मोजणी. माइक ३,०२,४३१. सहा कमी, म्हणजे १२८ मिलिसेकंद, आणि त्याही शेवटाकडच्या, भिंतीला टेकलेल्या. चालेल. मशीनच्या ट्रॅकच्याही तेवढ्याच.

१० ऑगस्ट, रविवार

जोडणी. चित्राच्या तुकड्यांपुढची लांबी काढून तिथे ०० ०० ०० ०१ ही सुरुवातीची खूण घातली, सगळ्यात आधी संदर्भ फाइलीतले एसपीएस आणि पीपीएस. ऑडिओच्या प्रत्येक फ्रेमेपुढे एडीटीएस मथळा. मग तिन्ही प्रवाह एमपी४बॉक्स या जोडणीच्या अवजारात, दर ३० सांगून. बीफ्रेम असलेल्या कच्च्या प्रवाहात फ्रेमा ज्या क्रमानं लिहिलेल्या असतात त्या क्रमानं दाखवायच्या नसतात, आणि तो दाखवायचा क्रमही मूव्हबरोबर गेलेला. एमपी४बॉक्स तो फ्रेमांच्या आतल्या क्रमांकांवरून परत बसवतो. पुन्हा एन्कोड काहीच केलं नाही, त्यामुळे प्रतीत उणेपणा नाही.

आवाज दोनएक फ्रेमांनी पुढे वाटला. मूव्हमध्ये सुरुवातीचा एक छोटा सरकवा लिहिलेला असतो, तोही हरवलाच होता. संदर्भ फाइलीतला पाहून तेवढाच दिला. टिकटिक आणि बटण एकत्र.

शेवट सहायक मुलीच्या एमकेव्हीशी ताडून पाहिला. तिची फाइल आपल्यापेक्षा सात सेकंद पुढे जाते. आपली फाइल ताईच्या "तर मग मध्यक" या शब्दांवर संपते. तिच्या फाइलीत पुढचं आहे : "मध्यक का घ्यायचा, सरासरी का नाही, कारण टोकाची एक किंमत आली की—" आणि तिथे तीही संपते. सात सेकंद ७२०पीमधून जोडू का, असं ताईला विचारलं.

"जोड. वाक्य तिथून मी पुढच्या वर्गात पुरं करते."

१२ ऑगस्ट, मंगळवार

डिस्क परत केली, यूपीएस आलाय. ताईच्या ओबीएसमध्ये रेकॉर्डिंगचा प्रकार बदलायचा होता. एमकेव्ही चाललं असतं, पण तिला पुढे संपादनासाठी एमपी४च लागतं. २०२४मध्ये आलेल्या ओबीएस ३०.२पासून हायब्रिड एमपी४ आहे. रेकॉर्डिंग चालू असताना तो तुकड्या-तुकड्यांनी लिहितो, प्रत्येक तुकड्याची छोटी वही त्याच्याबरोबरच, आणि नीट थांबवलं की शेवटी एक पूर्ण वही लिहून फाइल नेहमीच्या एमपी४सारखी करून देतो.

कागदावर ठीक, पण मला बघायचं होतं. यूपीएस बाजूला काढला, एक रिकामी डिस्क लावली आणि दहा-दहा मिनिटं स्क्रीनवर घड्याळ रेकॉर्ड करून प्लग उपटला. ताईनं स्वतः उपटला, मोजून तीन वेळा.

साधा एमपी४ : उघडत नाही. अपेक्षित.

एमकेव्ही : उघडली. घड्याळ ९:५६वर थांबलेलं.

हायब्रिड एमपी४ : उघडली, दोन्ही ट्रॅक शाबूत. घड्याळ ९:५४. शेपटाला थोडी शून्यं आहेतच, मेमरीत राहिलेलं कुठल्याच प्रकारात येत नाही.

प्रकार हायब्रिडवर ठेवला. संदर्भ म्हणून दोन मिनिटांची एक फाइल, आजच्या सेटिंगसकट, वेगळ्या फोल्डरमध्ये टाकली. फाइलीच्या नावात ट्रॅकची संख्या लिहिली आहे.